केतकीचा डावा हात

दुपारचे अडीच वाजलेत. पडदा ओढलेला आहे, पंखा दोनवर आहे आणि मी डोळे मिटून पडले आहे. झोप दारापर्यंत येते आणि माझा चेहरा बघून परत जाते. उशीशेजारी मोबाइल आहे. त्यात केतकीनं तपासायला पाठवलेला तिच्या परिचयाचा मजकूर आहे आणि त्यातली एक ओळ मी जेवण झाल्यावर खोडून टाकली आहे. ‘माझ्या गुरू, कै. उत्पला टिपणीस’ अशी ती ओळ होती.

केतकी शेलार माझी विद्यार्थिनी. भोसरीची, एकोणीस वर्षांची, वडील कारखान्यात फिटर. जर्मनीतल्या एका बॅले कंपनीनं तिला पगारावर घेतलंय, आणि बॅले शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या आमच्या एवढ्याशा जगात ही फार मोठी बातमी आहे. काल पेपरात आली. वर मथळा, ‘उत्पलाताईंचं स्वप्न साकार’. मध्ये उत्पलाचा जुना, हसरा फोटो. आणि तळाशी, केतकीला काही काळ हेमांगी राजाध्यक्ष यांचंही मार्गदर्शन लाभलं, म्हणे. हेमांगी म्हणजे मी, आणि काही काळ म्हणजे पाच वर्षं. उत्पलानं तिला तीन वर्षं शिकवलं, मग तिचं आजारपण आलं आणि ती गेली. केतकीला टणक टोकाच्या बुटांवर उभं मी केलं. तिच्या बोटांतून रक्त आलं तेव्हा पट्ट्या मी बांधल्या. तरी उत्पला तिची ताई आणि मी मॅडम. माझ्या अंगाचा तिळपापड झालाय, आणि मेलेल्या माणसावर जळते आहे याची लाजसुद्धा वाटत नाही.

पेपरचं एक वेळ सोसलं असतं. पण निवड झाली त्या दिवशी केतकीचा फोन आला होता. कंपनीच्या मुख्य बाई तिला म्हणाल्या, तुझ्यासारखा डावा हात आम्ही दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. हे ऐकून मी अभिनंदन म्हणाले आणि फोन ठेवून भांडी आपटली. उत्पला आठवीत असताना पेरूच्या झाडावरून पडली होती आणि कराडच्या हाडवैद्यानं बांधलेलं तिचं डावं मनगट जरा वाकडंच जुळलं होतं. हात डोक्यावर नेला की शेवटी ते किंचित कलायचं. तिच्या मुलींना वाटलं, असंच करायचं असतं. बाईचं मोडलेलं हाड मुलींनी नाच म्हणून उचललं. केतकीचं मनगट सरळ करण्यात मी पाच वर्षं घालवली, घसा बसेपर्यंत ओरडले, आणि ते सरळ झालं नाही. आता त्याच मनगटाचं कौतुक.

मजकूर कंपनीच्या पुस्तिकेत छापायचा आहे, पाचच्या आत पाठवायचा आहे. मी पाठवेन तो केतकी पुन्हा वाचणारही नाही. मॅडम, तुम्ही म्हणाल तसं, एवढंच ती म्हणाली आहे. मी कूस बदलते. पंख्याचा आवाज लांब जायला लागतो.

लाकडी जमिनीचा वास येतो. मी शाळेच्या हॉलमध्ये आहे. इथेच उत्पला आणि मी संध्याकाळी वर्ग घ्यायचो. जमिनीवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा आहेत आणि त्या रेघांच्या मधोमध उत्पला मांडी घालून बसली आहे. पोपटी पंजाबी ड्रेस, केस पूर्वीसारखे दाट. ती एका बुटाला रिबीन शिवते आहे. दात साफ करायचा पांढरा धागा घेतलाय, कारण साधा दोरा आमच्या बुटांना चार दिवस टिकत नाही. रिबीन संपत नाही. तिच्या मांडीवरून उतरून ती दारापर्यंत गेली आहे.

मी तिला सांगते की तू गेलीस त्याला पाच वर्षं झाली. ती म्हणते, हो ना, आणि दातानं धागा तोडते. माझ्याच्यानं राहवत नाही.

“मी तुझं नाव खोडलंय.”

“बरं केलंस,” उत्पला म्हणते. मान वर करत नाही.

मला तिचा आणखी राग येतो. मी भांडायच्या तयारीनं आले आहे. मी तिला पेपरचं सांगते, मथळ्याचं, फोटोचं, काही काळचं. ती ऐकते आणि मध्येच विचारते की फोटो कुठला घेतला, गालावर खड्डा पडलेला तर नाही ना. तोच घेतलाय म्हटल्यावर खूश होते. लहानपणापासून हे असंच. कॅम्पातल्या आमच्या म्हाताऱ्या बाईंकडे आम्ही दोघी एकत्र शिकलो, पाय माझे चांगले होते आणि बघायचे सगळे तिच्याकडे.

मी भिंतीलगतची दांडी धरते. ती थंड, लोखंडी लागते. ती दांडी नाहीच, पलंगाचा कठडा आहे. आम्ही हॉस्पिटलात आहोत. पांढऱ्या रेघा मात्र पलंगाखालून तशाच गेल्या आहेत. उत्पला उशीला टेकून पडली आहे, आता डोक्यावर रुमाल आहे. मला ही दुपार माहीत आहे. मला इथून निघायचं आहे, पण पाय उचलत नाही.

“केतकीला बुटांवर उभं केलंस का गं?” ती विचारते. अगदी त्या दुपारसारखं.

त्या दुपारी मी म्हणाले होते, अजून नाही, तू बरी हो, मग करू. आणि त्याच सकाळी केतकी पहिल्यांदा उभी राहिली होती. सात सेकंद. माझ्या मोबाइलमध्ये व्हिडिओ होता आणि मोबाइल पर्समध्ये, पर्स मांडीवर. मी दाखवला नाही. एवढं एक तरी माझं एकटीचं असू दे, असं वाटलं मला. चार दिवसांनी उत्पला गेली. केतकी नंतर खूप रडली, ताईंना कळलंसुद्धा नाही म्हणाली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता मी पर्स शोधते, ती कुठेच नाही.

“तुझ्या नखांत राळ होती,” उत्पला म्हणते.

मी समजते. टोकाचे बूट लाकडावर घसरू नयेत म्हणून त्यांना राळेची पूड चोळतात. वर्गातल्या बाकी मुली मऊ बुटांत असायच्या आणि त्यांना आम्ही कधी राळ लावली नाही. पिवळी पूड नखांत घेऊन मी तिच्यासमोर बसले होते आणि अजून नाही म्हणत होते.

“मग बोलली का नाहीस?”

“तुझा इतका हेवा वाटला, की पाठ करून झोपले,” ती म्हणते. “तू तिला रोज बघणार होतीस.”

ती खरंच पाठ करून झोपली होती. थकली असेल म्हणून मी पाय न वाजवता निघून आले होते.

ती उठून बसते. नाव ठेव, काढ, मला त्याचं काय करायचंय, म्हणते. आणि मग एकदम लहान मुलीसारखी हट्टाला येते, की मला दाखव, ती कशी उभी राहिली ते दाखव. मला अजूनही जिवावर येतं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट. पण ती माझ्या हातांकडे बघत बसते, म्हणून मी सुरुवात करते. आमच्यात नाच न करता नुसता सांगायचा असला की हातांनी दाखवतात, बोटं म्हणजे पाय. मी कठड्यावर दोन बोटं टोकावर उभी करते. सात सेकंद. ती श्वास धरून बघते.

मग तिला पुढचं हवं असतं. मी दाखवत जाते. पहिल्या वर्षीचं पडणं, गिरक्या, जर्मनीत निवडीसाठी बसवलेला नाच. पलंग कुठे जातो कळत नाही. आम्ही रंगमंचाच्या कडेला काळ्या पडद्यांत उभ्या आहोत, समोर उजेड आहे. मी शेवटची जागा दाखवते, डावा हात डोक्यावर नेते आणि माझं मनगट कलतं. मी ते सरळ करते, ते पुन्हा कलतं. पाच वर्षं केतकीच्या समोर उभं राहून शिकवताना ते माझ्यातही आलंय, आणि मला पत्ता नाही.

उत्पला पुढे होते आणि माझं मनगट पकडते. ती चूक तोंडानं कधी सांगायची नाही, नख लावायची. मी वाट बघते की ती ते सरळ करेल. नख चांगलं रुततं.

“राहू दे,” ती म्हणते.

मी जागी होते. पंखा दोनवर आहे, साडेचार वाजायला आले आहेत. डावा हात उशीवर डोक्याच्या वर गेलाय, मुंग्या आल्यात. तो खाली आणते. मनगटाच्या आत नखाची कोर उमटली आहे, लाल आणि खोल. मी माझी नखं बघते. ती कालच बारीक कापली आहेत.

मी मोबाइल घेते. खोडलेली ओळ पुन्हा लिहिते, तिच्याखाली माझं नावही लिहिते, काही काळ वगैरे न लावता, आणि पाठवून देते. मग केतकीला लिहायला घेते. पहिल्यांदा खूप लांब होतं, कारणं द्यायला लागते, ती पुसते. उरतं ते एवढंच : तू पहिल्यांदा उभी राहिलीस ते ताईंना माहीत होतं. मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, तरी त्यांनी ओळखलं होतं.

मनगट चुरचुरतंय. समोर दोन निळ्या खुणा येतात. केतकीनं वाचलंय, आणि ती काहीतरी लिहिते आहे.