अध्यक्षांच्या हारांवर पोसलेले टोमॅटो

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या कुंड्यांतला पालापाचोळा झाडून काढायला लावला. कोणी पाहुणे गच्ची बघायला येणार होते. "काकू, ही गच्ची आहे, उकिरडा नाही," ते चार लोकांसमोर म्हणाले. उघडी पडलेली माती उन्हाने भेगाळली आणि हिरव्या फळांनी लगडलेली रोपं उभ्या उभ्या वाळली. रोपांचं मी विसरलेही असते. 'उकिरडा' विसरले नाही. तो शब्द मला त्यांच्याच तोंडून, लोकांसमोरच परत हवा होता.

यंदा अध्यक्षांना स्वतःलाच बागकामाचा झटका आला. पाकिटावर क्रिकेटच्या चेंडूएवढा टोमॅटो छापलेलं संकरित बी, एकसारख्या कुंड्या, मातीवर शोभेचे पांढरे गोटे आणि प्रत्येक कुंडीवर त्यांच्या नावाची पाटी. एप्रिलमधल्या सोसायटीच्या सत्यनारायणाला कोशिंबीर आपल्याच टोमॅटोंची, असं त्यांनी व्हॉट्सॲपवर जाहीरही करून टाकलं.

मोठ्या फळाच्या त्या जातीला थंड हवा लागते, तापलेल्या गच्चीवर तिची फुलं गळतात, हे मला माहीत होतं. मला कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. मी माहेरचं गावठी बी लावलं. फळ लहान, चपटं, आंबट, पण उन्हाला न जुमानणारं.

राहिलं पाचोळ्याच्या जागी मातीवर घालायचं आच्छादन. आमच्या अध्यक्षांचा सत्कार वरचेवर होतो. बहुतेकदा तो तेच घडवून आणतात. सत्कार झाला की झेंडूचे हार जिन्याखालच्या डब्यात पडतात. मी ते उचलायचे, दोरा आणि चमकी काढायचे, फुलं पेपरवर सुकवायचे आणि खोडापासून चार बोटं जागा सोडून मातीवर पसरायचे. जानेवारीत सत्कारांचा हंगाम असतो. तो संपेपर्यंत माझ्या सगळ्या कुंड्या झाकल्या गेल्या. आत बोट घातलं तर भर दुपारीही माती ओलसर लागायची.

पूजेच्या आदल्या दिवशी अध्यक्ष माझ्या दारात.

"काकू, तुमचे टोमॅटो द्याल का? आमचे जरा उशिरा धरतायत."

"न्या की. फक्त ते कशावर वाढले, तेवढं माईकवर सांगा."

"कशावर?"

"तुमच्या हारांवर. पाचोळ्यासारखेच कुजतात हो ते."

ते पिशवी घेऊन गेले.

प्रसादाच्या वेळी त्यांनी घसा साफ केला. "आजची कोशिंबीर आपल्याच गच्चीवरची. सेंद्रिय आच्छादनावर वाढलेल्या टोमॅटोंची."

"म्हणजे कशावर?" मी मागच्या रांगेतून विचारलं.

माईक चालूच होता. "हारांवर," ते म्हणाले. मग माईक जरा लांब धरून, "माझ्या."

"आणि असलं काही मातीवर पसरलं की गच्चीचं काय होतं म्हणाला होतात?"

"उकिरडा," अध्यक्ष म्हणाले.

पुढच्या रांगेत कोणीतरी हसू दाबलं. कोशिंबिरीत मीठ कमी होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.