शेरडं हायेत का त्यात?

संपत गेल्याचं मला एका फोटोवरून कळलं, आणि तो फोटो संपतचा नव्हता. घोडेगावला कचेरीत बसलो होतो, सर्व्हर नेहमीसारखा झोपलेला, म्हणून फोन उघडला तर कॉलेजच्या ग्रुपवर कुणाच्या तरी ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाखाली हार घातलेला एक गोरापान गृहस्थ. अंगात निळा कोट, गळ्यात टाय, मागं ढग. खाली संपतचं नाव, अवसरी बुद्रुक, भावपूर्ण वगैरे. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेत मधेच एकानं चुकून वाढदिवसाचा केक टाकलेला. संपतनं जन्मात कोट घातला नव्हता, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. पण फ्लेक्सवाल्यांकडे एक कोट तयारच असतो; तालुक्यात जो जाईल त्याच्या मुंडक्याखाली तो चिकटवायचा, रंग उजळायचा, सुरकुत्या पुसायच्या... आणि त्या पुसापुशीत संपतच्या डाव्या भुवईतली खोकही गेली होती. लहानपणी घरच्या एडक्यानं शिंग मारलं होतं, तेव्हाची ती खोक. तिच्यामुळे संपत कायम कुणाचा तरी संशय घेतल्यासारखा दिसायचा, आणि खरं सांगायचं तर तो घेतही असे. फोटोतला माणूस मात्र सगळ्या जगावर खूश होता.  फोन लावला तेव्हा कळलं की मंचरच्या मार्केटात पिकअपमधून कोबीच्या गोण्या उतरवताना छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं. चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्यानं.

दहाव्याला गेलो. आमच्या भागातला दहावा म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको, पण ज्या पुरवणीत हे छापून येईल ती लांबही जाते म्हणून सांगतो. नदीच्या घाटावर मांडव, आधी प्रवचन, मग भाषणं. गेलेल्याला जो जितका कमी ओळखतो, त्याचं भाषण तितकं लांब. एक पुढारी गाडीतून उतरले, शेजारच्याच्या कानाशी लागून नाव विचारून घेतलं, आणि माइक हातात धरून म्हणाले, ‘‘संपतराव म्हणजे हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारं व्यक्तिमत्त्व...’’ संपतराव! त्याला आयुष्यात कुणी राव म्हटलं असेल तर ते पिकअपच्या भाड्याची घासाघीस करताना. आणि हसतमुख? संपत हसलेला मी फार तर दोनदा पाहिला असेल, दोन्ही वेळा समोरच्याची फजिती झाली होती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत घरचे उन्हात उभे, आणि माइकच्या खरखरीनं कावळे केव्हाच नदीपार झालेले. पुढारी घड्याळ बघत उतरले. पेठला आणखी एक दहावा होता. तिथंही कुणी तरी हसतमुखच मेला असणार.

मला माहीत असलेला संपत वेगळा होता, आणि तो मला एका गेमपायी भेटला. आम्ही मंचरला कॉलेजात होतो तेव्हा एसटी स्टँडच्या मागं एक सायबर कॅफे होता. म्हणायला कॅफे, चहासुद्धा मिळायचा नाही. चार कॉम्प्युटर एकमेकांना वायरीनं जोडलेले, मालक नानाशेठ दारात स्टुलावर, तासाचे पैसे आधी. तिथं आम्ही लष्कराचा एक गेम खेळायचो, त्या काळी जगभर गाजलेला. वाळवंटातलं एक गाव, घराघरांत लपलेले दुश्मन, आणि आपण चार शिपाई बंदुका घेऊन आत शिरायचं. आम्ही तिघं मुकाट्यानं मारत सुटायचो. चौथा संपत. तो पहिल्या दिवसापासून त्या गेमला नावं ठेवत होता आणि रोज येतही होता. ‘‘ही काय वाळू हाय व्हय? पाय रुततच न्हाय हिच्यात.’’ ‘‘सकाळधरनं लढत्यात, एकानं तरी पानी पेलंय का?’’ त्याच्या तोंडी एकच शेरा असायचा, बेकार. गेम बेकार, बंदूक बेकार, आम्ही तर बेकारांतले बेकार.

त्या गावाच्या वेशीवर एक विहीर होती आणि तिच्यापाशी पाच-सात शेरडं चरायची, म्हणजे शेळ्या. बनवणाऱ्यांनी नुसती देखाव्यासाठी ठेवलेली. एकदा माझी गोळी त्यातल्या एकीला लागली आणि ती धप्पकन पडली. संपतनं कानावरचे हेडफोन काढले.

‘‘कुनी मारलं रं त्ये?’’

‘‘मला दुश्मन वाटला,’’ मी म्हणालो.

‘‘चार पायांचा?’’

त्या दिवसापासून संपतची लढाई निराळी झाली. त्याचं घराणं मूळचं मेंढपाळ. शेती होतीच, पण वडिलांनी, आबांनी, तेव्हाही थोडी मेंढरं राखली होती. गोळीबाराला तोंड लागायच्या आत तो शेरडं हलवायला लागला. त्यांच्या बाजूला जमिनीत एक गोळी झाडली की ती चार पावलं पळतात, हे त्याला कळलं होतं. मग वळसा घालून जायचं, एक गोळी, थांबायचं, पुन्हा वळसा... विहिरीजवळच्या पडक्या भिंतीआड सगळी घातल्याशिवाय गडी पुढं यायचा नाही. आम्ही तिकडं ‘‘संप्या, मेलो, ये की!’’ म्हणून ओरडतोय आणि हा ‘हुर्रर्र... हाऽ हाऽ’ करत बसलेला. वर शिकवायचा आम्हालाच. ‘‘मागनं नाय हाकायचं, कडंनं हाकायचं. मागनं हाकलं की फुटत्यात.’’ नानाशेठ दारातून म्हणायचा, ‘‘पावणं, शेरडं राखायला कशाला पैसं मोडताय? माझ्या घरी हायेत दोन, या की!’’

त्यात एक होती, तिला आम्ही लंगडी म्हणायचो. पाय धड होते तिचे, पण गेममध्येच काही तरी चूक राहिली होती. ती विहिरीच्या कठड्याला तोंड लावून जागच्या जागी चालत राहायची. कितीही गोळ्या झाडा, हलायची नाही. तिला संपत अंगानं रेटायचा. पाठ दुश्मनाकडे, बंदूक खाली, आणि सैन्यातला शिपाई शेळी ढकलतोय... गोळी बसायचीच. आमच्या चौघांत सगळ्यात जास्त वेळा तो मेला, आणि बहुतेक वेळा त्याच विहिरीपाशी.

आता हे वाचून कुणाला त्याच्यात भूतदया वगैरे दिसायला लागेल, म्हणून आधीच सांगतो. संपत मटण खायचा आणि चवीनं खायचा. जत्रेला बोकड कापताना पाय धरायला तोच असायचा. घरच्या मेंढरांना दिवसभर शिव्या घालायचा. मी एकदा वैतागून विचारलं, अरे खोटी शेरडं ती, तुझं काय जातंय? त्या खोकेच्या भुवईनं माझ्याकडं बघत तो म्हणाला, ‘‘खायाचं नसंल तर मारायचं कशाला? आन् ज्याची हायेत त्यो राखनारा गेलाय कुठं? त्यो येईस्तोवर कुनी तरी बघाया नको?’’ राखणारा त्या गेममध्ये नव्हताच. बनवणाऱ्यांनी शेरडं ठेवली आणि राखणदार ठेवायचा विसरले. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ती, त्यांना काय ठाऊक?

पुढं कॅफे बंद पडून तिथं मोबाइलचं दुकान झालं. मी कचेरीत चिकटलो, संपत पिकअप घेऊन भाजी वाहू लागला. आबा गेले, मेंढरं विकली गेली. आमची शेवटची भेट मंचरला, चहाच्या टपरीवर. मी सांगितलं की आपला तो गेम परत येणार आहे, रिमास्टर करून. म्हणजे काय म्हणाला. म्हटलं, जुनाच, पण नव्यानं घासूनपुसून चकचकीत केलेला.

‘‘म्हंजी रंग दिला,’’ संपत म्हणाला. मग बशीतला चहा फुंकता फुंकता थांबला. ‘‘शेरडं हायेत का त्यात?’’

‘‘असतील की.’’

‘‘असतील नको, रावसाहेब. आला की बघून सांग. असली तर येतो घोडेगावला.’’ बशी ठेवून तो निघाला, आणि जाता जाता माझ्या नव्या चपलांनाही बेकार म्हणून गेला.

तेराव्यानंतर एकदा अवसरीला घरी गेलो. भिंतीवर तोच कोटवाला, वर लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. संपतची बायको, सुमनवहिनी, पाणी घेऊन आली. मी फोटोकडं बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

‘‘ह्यो बाप्या कोन हाय, मलाबी ठावं न्हाय, भाऊजी,’’ ती म्हणाली. ‘‘पर लेकी म्हनल्या, पप्पा लई छान दिसत्यात. म्हनलं ऱ्हाऊ द्या.’’ मग हळूच म्हणाली, ‘‘तुमच्याकडं हाय का त्यांचा एखांदा? भुवईचा?’’

नव्हता. फोनमध्ये कचेरीतल्या निरोपसमारंभांचे ढीगभर फोटो होते, ज्यांची तोंडं पुन्हा बघू नयेत अशा माणसांचे. संपतचा एकही नव्हता. परतताना एसटीत मला स्वतःचा इतका राग आला की तिकीट घ्यायचंसुद्धा भान राहिलं नाही.

आणि मग गेम आला. उतरवून घ्यायला दोन दिवस लागले, त्यात वीज जाऊन येऊन होतीच. रविवारी दुपारी जेवून बसलो. काय वर्णावा थाट! शिपायाच्या बुटाची नाडी दिसते, नाडीचं सूत दिसतं. भिंतीचा गिलावा असा की आमच्या पंचायतीच्या ठेकेदाराला दाखवावा. उन्हाची तिरीप डोळ्यांत शिरते. पूर्वी कप्तान नुसतं ‘चला’ म्हणायचा. आता व्हायोलिनच्या साथीवर शौर्य, बंधुभाव आणि बलिदान यांवर बोलतो. मला वाटलं, आता हाही त्या पुढाऱ्यासारखा घड्याळ बघतो आणि पेठला जातो. त्यात सुरुवातीलाच पाटी, की या गेममध्ये कोणत्याही प्राण्याला इजा होत नाही. माणसं मात्र पूर्वीसारखीच मारायची, उलट आता जास्त रक्त दिसतं. चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग पुसलेला, प्रत्येक कोपरा उजळलेला. सबंध गावालाच कुणी तरी निळा कोट घातला होता.

वेशीपाशी आलो. विहीर होती... आणि शेरडं होती. केस न् केस वेगळा दिसत होता. तेवढ्यात पलीकडून गोळीबार सुरू झाला आणि गोळ्या त्यांच्या अंगातून आरपार जाऊ लागल्या. शेरडं चरत राहिली. म्हणजे आता त्यांना कशानंच काही होणार नव्हतं. हाकायची गरज नाही, भिंतीआड घालायची गरज नाही. कुणी राखायचीच गरज नाही! इतका मोठा अपमान गेल्या महिन्याभरात संपतचा कुणी केला नसेल, त्या पुढाऱ्यानंसुद्धा.

तरी मी वळसा घातला आणि जमिनीत एक गोळी झाडली. शेरडं चार पावलं पळाली. मग मला थांबवेना. एकदा घाईनं मागून हाकली, तर फुटली. पुन्हा गोळा केली, कडेनं घेतली, आणि एकेक करून भिंतीआड घातली. तोंडानं ‘हुर्रर्र’ करतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मागं वळून बघितलं तर एक राहिली होती. विहिरीच्या कठड्याला तोंड लावून जागच्या जागी चालत होती.

लंगडी! नाडीपासून उन्हापर्यंत सगळं दुरुस्त केलं होतं त्यांनी, आणि ही एक चूक त्यांच्या नजरेतून सुटली होती. मला रडू आलं. दहाव्याला आलं नव्हतं, अवसरीला आलं नव्हतं, ते तिथं भरदुपारी खुर्चीत बसून आलं.

बंदूक खाली केली, दुश्मनाकडं पाठ केली आणि तिला अंगानं रेटायला लागलो. जड होती. पाठीत गोळ्या बसत होत्या, कप्तान आडोसा घे म्हणून ओरडत होता. मी रेटत राहिलो. पडदा लाल व्हायच्या आत ती भिंतीआड गेलेली मी पाहिली. मग मी मेलो, विहिरीपाशीच, आणि पुन्हा सुरू करायचं का, असं विचारणारी पाटी आली. मी कशालाही हात लावला नाही.

गेम बेकार आहे, संप्या. पण शेरडं आहेत त्यात. सगळी आत घातलीत.