डावा हात खिशात

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी दुपारी काकांनी डावा हात खिशातून बाहेर काढला, आणि ते गेले.

हिंगोलीत ज्यांनी कधी त्यांच्याकडे रेडिओ नाहीतर लाउडस्पीकर दुरुस्तीला टाकला असेल, त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. उघड्या यंत्रात काका हात घालायचे तो फक्त उजवा. डावा पॅन्टच्या खिशात. नवखी माणसं हसायची. एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, "मिस्त्री, त्या हाताला सुट्टी दिली का?"

"न्हाई," काका म्हणाले, "तो घरच्यांसाठी राखून ठेवलाय."

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मला खरं कारण सांगितलं. एका हातानं शिरलेला करंट दुसऱ्या हातानं बाहेर पडतो, आणि वाटेत काळीज लागतं. "एकच हात दिला तर त्याला तिकून जायला वाट न्हाई. झटका देतो अन् सोडून देतो."

मी ग्रंथालयात नोकरी करतो आणि आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. पार्टीकडे एक जुना अँप्लिफायर होता, व्हॉल्व्हचा. आत काचेच्या नळ्या, त्या तापून लालसर झाल्या की मगच आवाज निघणार. उचलायला दोन माणसं लागायची. पण त्यातून गिटार अशी वाजायची, की आमचे गायक स्वतःहून एक पट्टी खाली येऊन गायचे. दहा-बारा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी काकांकडे गेलो. त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाही. आधी माझी चौकशी सुरू केली.

"एकदम गेला का हळूहळू?"

"एकदम."

"त्याच्या आधी कडकड केली?"

"नाही."

"वास आला?"

"लक्ष नव्हतं."

"कुठं होतं?"

"गाण्यात."

"बराबर आहे. आता इथं ठेवा."

आवाज हळूहळू पडत गेला तर व्हॉल्व्ह म्हातारे झालेत, एकदम गेला तर कुठंतरी वाट तुटली आहे, असा त्यांचा हिशोब. मग बोर्ड, मग वायर, मग फ्यूज, मग नळ्या पेटतात का ते खोलीत अंधार करून बघणं, मग पेन्सिलच्या मागच्या टोकानं एकेका नळीवर हलकी टिचकी. मी स्टुलावर चुळबुळ करायचो. ते वर न बघता म्हणायचे, "सर, घाई काहून करून राहिले? ते मेलं न्हाई, थांबलंय."

"घाई काहून?" हे वाक्य त्यांच्याकडून ऐकलं नाही असा माणूस त्या गल्लीत नसेल. एकदा एक बँडवाला रागारागानं आला. दसऱ्यापासून सेट चालत नाही, तुम्हीच बिघडवला, वरात तोंडावर आली. काकांनी सेट टेबलावर घेतला. मागची जाळी झेंडूच्या सुकलेल्या हाराखाली गुदमरलेली, हवेच्या भोकांवर उदबत्तीची राख. त्यांनी हार दोन बोटांनी उचलून बँडवाल्याच्या गळ्यात घातला. "पूजा करा, न्हाई म्हणत न्हाई. पर त्याला श्वास घेऊ द्या." बँडवाला हार घालूनच घरी गेला.

मात्र जिथं यंत्र उघडायचं, तिथं त्यांचं हसणं थांबायचं. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये कंडेन्सर असतात, डब्यासारखे. वीज काढून घेतली तरी ते आपल्या पोटात करंट धरून ठेवतात, आणि तो माणसाला पुरेल इतका असतो. तो काढून घ्यायला काकांकडे एक बल्ब होता. जुना, पिवळ्या उजेडाचा, होल्डरला दोन वायरी जोडलेला. आधी तो बोर्डात लावून पेटतो का बघायचा. मग त्याच्या वायरी कंडेन्सरला टेकवायच्या. बल्ब क्षणभर भक्कन पेटायचा आणि विझायचा. काका म्हणायचे, "मेलं. आता हात लावा." मीटर त्यानंतर पिशवीतून निघायचा.

"आधीच मीटर का लावत नाही?" मी विचारलं होतं.

"मीटर निस्ता सांगतो. ह्यो काढून घेतो."

काका सेनगावकडच्या एका तांड्यावरचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीत काकू शिवणकाम करायच्या. खिशातल्या हाताच्या घर्षणानं काकांच्या प्रत्येक पॅन्टचा डावा खिसा फाटायचा, म्हणून नवी पॅन्ट आली की काकू त्या एका खिशाला आतून मांजरपाटाचं दुहेरी कापड लावून द्यायच्या. "लोकं गुडघ्याला ठिगळ लावतेत," त्या म्हणायच्या, "आमच्या घरी खिशाला."

काका गेले त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला शिरड शहापूरजवळच्या एका वस्तीत नव्या विहाराचं उद्घाटन होतं. संध्याकाळी आमचं गायन. सकाळी सामान पोचलं, तारा जोडल्या, सरावाचं दुसरं गाणं अर्ध्यावर असताना अँप्लिफायर गप्प झाला. एकदम. कडकड नाही, वास नाही. या खेपेला माझं लक्ष होतं. मी मोटरसायकल काढली आणि काकांना आणायला हिंगोलीला गेलो.

ते कार्यक्रमाला म्हणून नवी पॅन्ट घालून निघाले. औंढा सोडल्यावर ऊन सहन होईना. एका टपरीपाशी थांबलो. काका पाणी प्यायला आत गेले आणि बल्ब आणि मीटर ठेवलेली त्यांची पिशवी मी हँडलला अडकवली. बंद निसटला. पिशवी सिमेंटच्या कट्ट्यावर पडली.

आतून काकांचा आवाज आला, "काय पडलं?"

मी पिशवीत बघितलं. बल्बची काच शाबूत होती.

"काही नाही, काका."

पिशवी पडली म्हटलं असतं, तर त्यांनी तिथंच बसून एकेक वस्तू बाहेर काढून तपासली असती. अर्धा तास गेला असता. तिकडे माणसं खोळंबली होती. एवढंच कारण. दुसरं कोणतंही सापडावं म्हणून मी पुष्कळ शोधलं आहे.

विहारात पोचल्यावर काकांनी सेट चालू करून बघितला. समोरचा लाल दिवा पेटला, नळ्या मात्र काळ्याच. "नळ्या तापवायची वाट तुटलीय," ते म्हणाले. "आतलं बाकी सगळं जागं असंल." तेवढ्यात गावातली वीज गेली. त्यांनी प्लग काढला, सेट पेटीतून बाहेर घेऊन बाकावर आडवा केला. बल्ब हातात घेतला, भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं. वीज नव्हती. बल्ब पेटतो का हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी उजव्या हातानंच वायरी कंडेन्सरला टेकवल्या. बल्ब पेटला नाही.

"आज आधीच मेलंय हे," काका म्हणाले आणि उजवा हात आत घातला. मीटर अजून पिशवीतच होता.

मी शेजारी उभा होतो. पिशवी मला आठवली. खोटं लिहिणार नाही, आठवली. पण काच फुटली नव्हती, असं मी मनाशी म्हणालो. ट्रान्सफॉर्मरच्या वजनानं सेट बाकावरून कलंडायला लागला. त्याला धरायला त्यांनी डावा हात खिशातून काढला. उजवा आत होता.

ते ओरडले नाहीत. बाकाशेजारी बसल्यासारखे खाली आले. जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि वेळ लिहून घेतली.

दोन दिवसांनी सामान आवरताना मी तो बल्ब कानाशी धरून हलवला. आत बारीक किणकिण झाली. तार तुटलेली होती. नळ्या थंड राहिल्यानं कंडेन्सरमधला करंट खर्चच झाला नव्हता, हे मला नंतर वाचून कळलं. काकांना ते वाचायची गरज पडली नसती. त्यांना फक्त "पिशवी पडली" एवढं ऐकायची गरज होती.

काकूंना भेटायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा न सांगता परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या मशीनवर बसल्या होत्या. समोर कापड नव्हतं. म्हणाल्या, "सर, तुमाला एक सांगू का? कोणाला बोलले न्हाई. त्या दिवशीची पॅन्ट नवी होती. खिसा मी दुहेरी केला नव्हता. म्हणलं, आल्यावर करू. हात नीट बसला नसंल त्यांचा. म्हणून काढला. माझ्यानं झालं हे."

दोन महिने त्या हेच घेऊन बसल्या होत्या.

मी बल्ब बरोबर नेला होता. तो बाहेर काढला आणि सगळं सांगितलं. टपरी, कट्टा, काकांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. त्यांनी बल्ब कानाशी नेऊन हलवला. बराच वेळ हलवला.

"काका थांबले असते का हो, मी सांगितलं असतं तर?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं.

"व्हय," काकू म्हणाल्या. "थांबले असते. त्यांनी जल्मात घाई केली न्हाई."

मग त्या उठल्या, आत गेल्या. बल्ब त्यांच्या हातातच होता.

मी अजूनही महिन्यातून एकदा जातो. काकू चहा देतात. खिशाबद्दल त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत, माझ्याशीही फारसं बोलत नाहीत. बल्ब दुकानाच्या फळीवर मीटरशेजारी ठेवला आहे. अँप्लिफायर माझ्या घरी आहे, तसाच उघडा. गायन पार्टीनं नवा सेट घेतला. मी वाजवत नाही.