कोंबड्यांचा मका

धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सगळे दळणवाली म्हणत. निरनिराळ्या वाणांचा मका तिच्याकडे येई. तो वाळवायचा, दळायचा, चाळायचा आणि पुढे द्यायचा. पिठातला रंग मोजायची खोली मात्र अर्धवट अंधारी ठेवावी लागे, कारण उजेडात तो रंग विटतो. तिथल्या नळ्या धुताना तिने कितीदा पाहिलं होतं, पिवळ्या मक्याच्या नळीत केशरी पाणी आणि पांढऱ्याच्या नळीत नुसतंच पाणी.

"पिष्ट, तेल, प्रथिनं, सगळं दोघांत जवळपास सारखंच," रंग मोजणाऱ्या मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. "पण डोळ्यांना लागतं ते या रंगात असतं. नुसत्या पांढऱ्यावर जगणाऱ्याला आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं."

दळणवालीने मान डोलावली आणि ही गोष्ट मनात जपून ठेवली.

कारण घरी सासूबाई होत्या. पांढरा मका घरंदाज माणसांचा आणि पिवळा कोंबड्यांचा, हे त्यांचं ठाम मत. सून घरात आली त्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं, "हिच्या माहेरी कोंबड्याच पाळतात ना? मग हिला पिवळाच घाला. सवय असेल!" नवरा खो खो हसला. तो हसला नसता तर तिने कदाचित इतका डूख धरलाही नसता.

तेव्हापासून चुलीवर लापशीची दोन पातेली चढू लागली. नवरा कामावरच जेवायचा. घरात दूध आणि पालेभाजी दिसायची ती पाहुणे आले तर. बाकी सकाळ-संध्याकाळ मका. एक वाक्य बोलली असती तर सासूबाईंचं ताट बदललं असतं. पण ती मूग गिळून गप्प बसली. खा म्हणावं घरंदाज मका! रोज दिवेलागणीला ती सासूच्या हातात सुई-दोरा द्यायची. "आई, एवढा दोरा ओवून द्या ना, मला जमत नाही." आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसायची. मेली म्हातारी पहिल्या झटक्यात ओवायची.

लेक झाली, चिमी. ती अंगावरचं प्यायची थांबली तशी दळणवालीने तिला आपल्या पातेल्यात घेतलं. सकाळी पिवळी लापशी वाटीत काढायची, झाकायची, "आई, एवढी भरवा हं तिला," म्हणायचं आणि कामाला पळायचं. संध्याकाळी वाटी चाटूनपुसून रिकामी असे. मुलीच्या बाबतीत ती निर्धास्त होती.

चार वर्षांची चिमी अंधारून आलं की धडपडू लागली. कधी उंबऱ्याला ठेच, कधी पाण्याच्या बादलीत पाय. "डोळे आहेत की बटणं?" म्हणून आईने पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या कुणा आईला शंका आली असती. हिला आली नाही, कारण चिमी तर पिवळं खात होती. पुढे पोरगी डोळे चोळू लागली, उजेडात मिटून घेऊ लागली. धूळ गेली असेल, म्हणून हिने पाण्याचे हबके मारले.

मग एकदा सकाळी शेजारीण दोन अंडी घेऊन आली. "घ्या, तुमच्या सासूबाईंचीच कृपा आहे ही. रोज वाटीभर पिवळी लापशी टाकतात माझ्या कोंबड्यांना. फोडून तर बघा!"

दळणवालीने अंडं फोडलं. बलक केशरी होता, अगदी नळीतल्या पाण्यासारखा. तिने आत जाऊन विचारलं, "आई, चिमीची लापशी तुम्ही कोंबड्यांना टाकता?"

"टाकते मग!" सासूबाई जराही ओशाळल्या नाहीत. "माझी नात काय कोंबडी आहे? माझ्या ताटातलं भरवते मी तिला. तुझा राग तुझ्यापाशी. ती दुधावरची साय आहे माझी."

डॉक्टरांनी चिमीच्या पापण्या उचलल्या. डाव्या डोळ्याचं बुबुळ पांढुरकं होऊन मऊ पडलं होतं. उजवा वाचेल, डावा गेला, असं त्यांनी सांगितलं. "मोठ्या माणसाच्या अंगात अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, वर्षानुवर्षं पुरतो. पोरांचा लगेच संपतो. हिला थोडा पिवळा मका मिळाला असता तरी..."

घरी येऊन सासूबाईंनी ऊर बडवून घेतला. "मी माझ्या हाताने भरवलं गं! मला अडाणीला काय कळणार? पण तू तर तिथेच काम करतेस. तुला ठाऊक होतं का?"

दळणवालीने चिमीला छातीशी घट्ट धरलं होतं.

"नाही, आई," ती म्हणाली. "मला कुठून ठाऊक असणार?"

आता चुलीवर एकच पातेलं चढतं, पिवळं. दिवेलागणीला सासूबाई दारात बसून नातीच्या डोळ्यावर बांधायची पट्टी शिवतात. सुईत दोरा त्या अजूनही पहिल्या झटक्यात ओवतात, आणि दळणवालीला ते बघावं लागतं.