संशय कसा दिसतो

चैताली पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायला जायची आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गोष्टी लिहायची. घरी सांगितलं नव्हतं, हसतील म्हणून. एकदा नाशिकच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "गोष्ट चांगली आहे. पण नायिकेला नवऱ्याचा संशय येतो, असं तू नुसतं सांगतेस. तो संशय मला दिसत नाही."

मग चैताली माणसं न्याहाळू लागली. सगळ्यात हाताशी असलेला माणूस म्हणजे नवरा, हर्षल. तो टेम्पो चालवायचा. घरी आला की ती मुद्दाम काहीतरी अर्धवट बोलायची आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघायची.

"काय बघती गं?"

"काही नाय."

त्या 'काही नाय'नंच घात केला. हर्षल मोकळं बोलेनासा झाला. ती कामावरून आली की आधी तिच्या चपलांकडे बघायचा. "आज उशीर?" विचारायचा, आणि जरा वेळानं तेच पुन्हा, सहज आठवल्यासारखं. तिचा फोन वाजला की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. चैतालीला आधी आनंदच झाला. हवं ते समोर चालून आलं होतं. तिनं सगळं गोष्टीत घातलं. हा संशय आपल्यावरच आहे हे कळलं, तेव्हा मात्र तिनं त्याच्याकडे बघणं सोडलं.

एका दुपारी तो रिकामा टेम्पो घेऊन पॅकहाऊसच्या फाटकाशी आला. "बस," म्हणाला. ती बसली. त्यानं गाडी चालू केलीच नाही.

"कोण हाय तो?"

"कोणी नाय हो. मी गोष्ट लिहिते."

"कुणाला?"

तिनं तिथंच गोष्ट वाचून दाखवली. हर्षल स्टिअरिंगवर बोट घासत ऐकत होता.

"हे तर माझंच हाय," तो शेवटी म्हणाला. "नुसतं बाईच्या नावावर घातलंस." मग हळूच, "ओझरजवळ गाडी बाजूला लावून रडलो मी. ते लिहू नको."

तिनं ते लिहिलं नाही. गोष्ट छापून आली, आणि हर्षलनं टेम्पो स्टँडवर सगळ्यांना अंक दाखवला. पण पुढं त्याची आई आजारी पडली, तेव्हा दवाखान्यातून येऊन तो चैतालीकडे पाठ करूनच बोलत राहिला.

"इकडं तोंड करा ना," ती म्हणाली.

"लिहिणार नाय ना?"

"नाय."

तरी तो लगेच वळला नाही.