पाठवणीच्या आधीचा फोटो

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. दुकानाला लिंबू-मिरची बांधायला येणाऱ्याला मी दारातूनच वाटेला लावायचे. या सदरात लोक पिंपळाखालच्या बायका आणि उलटी पावलं लिहितात, ते मी भाजी निवडता निवडता वाचते आणि हसते. तरी आज लिहायला बसलेय, कारण एक गोष्ट इतकी वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही...

आम्ही राहायला इंदिरानगरला आणि दुकान पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ. लग्नं, मुंजी, पासपोर्ट. लग्नाआधी मी सातपूरला एका कारखान्यात मीटर जोडायचे, त्यामुळे बारीक स्क्रू दिसले की माझे हात शिवशिवतात. ह्यांची एक लेन्स बिघडली तेव्हा मी ती उघडली, पुसली, परत बंद केली — आणि ती चालली. मग काय, जुन्या लेन्स घ्यायच्या, आतली बुरशी काढायची, घट्ट झालेली रिंग मोकळी करायची आणि विकायच्या, हा माझा धंदाच होऊन बसला. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, मिस्त्री कुठे गेलेत? मी म्हणायचे, तुमच्यासमोरच बसलेत, बोला.

दोन हजार सालच्या आसपास लासलगावचा संदीप नावाचा एक फोटोग्राफर आमच्याकडे जुनं सामान घ्यायला यायचा. ताडमाड उंच पोरगा. अर्धं ओढलेलं शटर दर वेळी त्याच्या डोक्याला लागायचं आणि दर वेळी तो शटरलाच सॉरी म्हणायचा. पन्नास एमएमची एक जुनी लेन्स त्याने माझ्याकडून घेतली, तीही तासभर घोळ घालून. कानाशी हलवून बघितली, ट्यूबलाइटसमोर धरून बुरशी शोधली, वाससुद्धा घेतला. शेवटी मी म्हटलं, अरे लेन्स आहे, खरबूज नाही. तर म्हणाला, बहिणीच्या लग्नाचे फोटो काढायचेत काकू, त्यात खोट नको.

बहीण तेव्हा कॉलेजात होती, स्थळं बघायलाही लागले नव्हते. पण ह्याने तिला शब्द देऊन ठेवलेला, तुझ्या लग्नाचा एकूण एक फोटो मीच काढणार, दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही. मी त्याला डिवचलं, मग कानपिळीला नवरदेवाचा कान कोण पिळेल? नवरीच्या भावाचा मान असतो तो. म्हणाला, एका हाताने कान पिळीन, दुसऱ्या हाताने फोटो काढीन. आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

पुढच्याच वर्षी तो गेला. एका लग्नाची ऑर्डर आटोपून मोटरसायकलवर घरी येत होता, रस्त्यात मागे दिवा नसलेली कांद्याची ट्रॉली उभी होती. कॅमेऱ्याची बॅग कडेच्या पाटात पडली.

बऱ्याच महिन्यांनी त्याचे वडील दुकानात आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. लासलगावच्या मार्केटात मापारी, जन्मभर दुसऱ्याचा कांदा तोललेला माणूस. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली लेन्स माझ्या टेबलावर ठेवली. कॅमेरा पाण्याने पार कामातून गेला होता, ही तेवढी राहिली होती. मुलीचं, वैशालीचं, लग्न ठरलं होतं आणि ती हटून बसली होती — दादाच्या लेन्सने फोटो निघणार असतील तर काढा, नाहीतर माझ्या लग्नात कॅमेरा नको. सासरच्यांना हे काही पटेना. अण्णा दोन्हीकडून कात्रीत सापडले होते.

लेन्स हातात घेतली आणि माझं डोकंच फिरलं. अण्णांनी ती स्वतः उघडली होती. आतलं पाणी पुसलं होतं आणि रिंग फिरेना म्हणून शिवणयंत्राचं तेल घातलं होतं. लेन्सला तेल म्हणजे विष! उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पात्यांवर पसरतं आणि पाती चिकटून बसतात. वर, फोकसचे आटे सोडवताना ते कुठे सुटले याची खूण केली नव्हती. त्या आट्यांना बऱ्याच सुरुवाती असतात. चुकीच्या सुरुवातीवर बसवली की रिंग छान फिरते, पण लांबचं काही म्हणून स्पष्ट दिसत नाही. मी चांगली झापणार होते. पण तेच म्हणाले, "पोरगं जित्तं होतं तवर कुणाला हात लावू देत नव्हतं ताई. म्या पहिल्यांदाच हातात घेतली. लय घाण बसली होती, पुसावी वाटली."

ठेवून जा म्हटलं.

पाती धुतली, भिंगं पुसली. मग आट्यांची एकेक सुरुवात लावून बघत बसले. दर वेळी गच्चीवर जायचं, म्हसरूळकडच्या डोंगरावर फोकस लावायचा, डोंगर धूसर, की परत खाली. वैताग आला नुसता. ह्यांनी म्हटलं, सोड, दुसरी लेन्स लावून काढू, पोरीला काय कळतंय. त्यावर मी ह्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा आणायला गेले. एका दुपारी डोंगरावरची झाडं सुटी सुटी दिसली, तेव्हा मी तिथेच गच्चीवर बसून रडले.

लग्न लासलगावलाच. अण्णांनी अक्षता देऊन बोलावलं होतं, म्हणून मीही गेले. कॅमेरा आमचा, लेन्स संदीपची. वैशाली दिवसभर दगडासारखी उभी होती. हसली नाही आणि रडलीही नाही. आमचे हे सांगून सांगून थकले, बेटा जरा हस, पण ती नुसती बघायची. कानपिळीला चुलतभाऊ पुढे झाला तेव्हा तिने मान खाली घातली, आणि नेहमी त्या वेळी जो गोंधळ होतो तो झालाच नाही.

शेवटच्या पंगतीला नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवले, त्याचा फोटो ह्यांनी काढला आणि मग आम्ही जेवायला बसलो. कार्यालयात वस्तूंना पाय फुटतात, म्हणून कॅमेऱ्याची बॅग नवरीच्या खोलीत ठेवली होती. थोड्या वेळाने वैशाली साडी बदलायला त्या खोलीत गेली. सगळ्या बायकांना म्हणाली, मला जरा एकटीला सोडा, आणि आतून कडी लावली. तिची मावशी बाहेर दाराला टेकून बसली होती. वैशाली बाहेर आली ती डोळे सुजवून. मग ह्यांनी बॅग घेतली आणि पाठवणीचे फोटो काढले. एवढंच.

रोल धुऊन आले. दुकानात फोटो लावत होतो, तर हे एकदम थांबले आणि म्हणाले, "हा मी काढलेला नाही."

फोटोत वैशाली त्या खोलीत रचलेल्या गाद्यांवर बसली होती. अंगावर पाठवणीची हिरवी साडी. एक हात तोंडापुढे धरलेला — नको ना, काढू नको, असं म्हणताना धरतो तसा. आणि हसत होती. तोंडभर, डोळे बारीक करून, समोरचा कुणीतरी चेष्टा करतोय असं. दिवसभरात इतर कुठल्याच फोटोत ती हसलेली नव्हती.

मी म्हटलं, तुम्ही विसरला असाल. निगेटिव्हची पट्टी उजेडाला धरली. घास भरवतानाचा फोटो, त्याच्यापुढे हा, त्याच्यापुढे पाठवणी. पट्टीत मागाहून काही घुसवता येत नाही. मधल्या वेळात कॅमेरा बॅगेत होता, बॅग खोलीत, खोलीला आतून कडी. खिडकी एकच, गजांची, आणि ती फोटोत वैशालीच्या मागे दिसते. आमच्या कॅमेऱ्याचा टायमर कधीचाच मोडलेला. रोल पुढे सरकवायला तरफ ओढावी लागायची, ती आपोआप ओढली जात नाही. शिवाय फोटो वरून घेतलेला होता. आमचे हे माझ्याहून बोटभर बुटके, त्यांना स्टुलावर चढावं लागलं असतं. मी काहीतरी निमित्त काढून मावशीला विचारलं. तिने शपथेवर सांगितलं, आत कुणी गेलं नाही आणि कुणी बाहेर आलं नाही.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, ती पट्टी मी दिवसभर पुन्हा पुन्हा उजेडाला धरून बघितली.

मांडवपरतणीला माहेरी आली तेव्हा वैशाली अण्णांबरोबर अल्बम न्यायला आली. तो फोटो मी अल्बमात लावला नव्हता. हे म्हणत होते, देऊ नको, पोरगी नव्या घरी गेलीय, भलतंच डोक्यात घेईल. पण तिची वस्तू मी कोण ठेवून घेणारी? अण्णा बाहेर रिक्षा बघायला गेले तेव्हा मी तिच्या हातात फोटो दिला आणि विचारलं, हा कुणी काढला गं?

तिने फोटो बघितला आणि टेबलावर ठेवला.

"मी त्या खोलीत रडत होते काकू. भिंतीकडे तोंड करून. दादाला शिव्या देत होते, शब्द दिलास आणि आला नाहीस म्हणून. मी हसले नाही. हसलेच नाही मी."

मला वाटलं होतं ती घाबरेल, नाहीतर तिला बरं तरी वाटेल. तसं काहीच झालं नाही. ती फोटोवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तो आला होता. मी त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा. आणि मला काहीच आठवत नाही."

मग जी रडायला लागली... अण्णा धावत आत आले. त्यांना वाटलं अल्बम बघून भावाची आठवण झाली असेल. तिने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

ह्यांनी नंतर पुष्कळ तर्क लढवले. मीही डोकं खाजवलं, कारण यंत्र मला कळतं आणि न कळणारं यंत्र मला सहन होत नाही. एकही तर्क पट्टीसमोर टिकला नाही. इथे कुणी जाणकार असेल आणि काही सुचत असेल तर जरूर लिहावं, मी वाचीन. भांडणार नाही.

वैशाली आता दोन मुलांची आई आहे. नाशिकला आली की घरी येते, चहा घेते, पोरांच्या तक्रारी सांगते. निघताना दाराशी जरा थांबते. मी काही विचारत नाही, तीच सांगते, "नाही हो काकू. अजून नाही आठवलं."