तिनं ‘साकु’ म्हटलं तेव्हा

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात ट्यूबसकट पाण्याच्या टबात होते. पंक्चर शोधत होतो. शेजारच्या टपरीवाल्यानं फोन कानाला लावून धरला. सोलापूरच्या दवाखान्यातनं माझी लेक सुरेखा बोलत होती, “आप्पा, अव्वा गेली.” मी म्हणालो, “बरं.” टबात बुडबुडे येत राहिले. अव्वा म्हणजे तिची आई, माझी बायको महादेवी. आदल्या दिवशी तिनंच मला घरी पिटाळलं होतं, “जावा, दुकान किती दिवस बंद ठेवता?” आणि मी आलो. खरं सांगायचं तर पळालो. तिच्या खाटंजवळ बसायला मला तोंड नव्हतं. का नव्हतं ते लिहितो. चौथी शिकलेला माणूस मी, वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घ्या.

उमरग्याच्या अलीकडं हायवेला माझं पंक्चरचं दुकान, मागं दोन खोल्या. पण या रस्त्यावरचे ड्रायव्हर मला ओळखतात ते पायासाठी. मी पायाळू. जन्मताना डोक्याच्या आधी पाय आले. अशा माणसानं पाय लावला की कमरंत भरलेली उसण निघते, असं आमच्याकडं धरतात. महादेवी अंगणात पोतं अंथरायची, माणूस पालथा पडायचा, मी उजवा पाय कमरंला तीनदा लावायचो. उठताना तो म्हणायचा, “बरं वाटलं, मामा.” त्या शब्दाची मला चटक लागली होती. महादेवी कर्नाटकातली, आळंदकडची, तोंडाची फटकळ. लग्न होऊन आली तेव्हाच म्हणाली होती, “तुमी उलटे आलात, हाल तुमच्या आईचे झाले, आन् यश तुमच्या पायाला व्हय?” तेही सासूसमोर! माझी आई पदरात तोंड घालून हसली. पण म्हणून पोतं अंथरायला महादेवीनं कधी टाळाटाळ केली नाही.

मग तिचीच कंबर धरली. मी म्हणालो, “पड पोत्यावर.” पडली. पाय लावला तशी म्हणाली, “साकु.” कानडीत साकु म्हणजे पुरे. पुरे म्हणजे गुण आला, असं मी धरलं. पण दुखणं हटंना. रात्री ती उठून बसायची, भाकरी अर्धी ठेवायची. सुरेखा उमरग्यात दिलेली. तिथं एक मॅडम होत्या, ऑस्टिओपॅथी शिकलेल्या. सुरेखा आम्हाला त्यांच्याकडं घेऊन गेली. मला वाटलं, हाडाचं काम दिसतंय, कडाकडा मोडून जागेवर बसवत असतील. आपल्यासारखंच काहीतरी, फक्त सर्टिफिकेटवालं. थोडा रागच होता मनात.

मॅडमनी आधी नुसते प्रश्नच विचारले. दुखणं कधीपासून, झोप लागते का, भूक कशी, अंग उतरलंय का. मग पाठीवर हात ठेवला, बरगड्यांवर ठेवला, श्वास घ्यायला लावला, पोटही बघितलं. हात असा हलका की पाखरू बसावं. मला राहवलं नाही. “मॅडम, दुखतंय कमरंत, आन् तुमी पोट काय चाचपता?”

“काका, नुसतं हाड बघून कंबर कळत नाही. श्वास, पोट, चालणं, सगळं बघावं लागतं.”

“आन् आवाज कवा काढणार?”

त्या हसल्या. “आवाज आला म्हणजे गुण आला असं नसतं. काही उपचारात निघतो, बऱ्याचदा निघतही नाही.” मग हसू गेलं त्यांचं. “यांच्या कमरेला मी आज जोर लावणार नाही. झोपेतून उठवणारं दुखणं, उतरलेलं अंग... हे माझ्या हातांचं काम नाही. तुम्ही उद्याच सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडं जा, तपासण्या करा. आणि घरी कुणाला कमरेवर दाब देऊ देऊ नका.”

महादेवीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

परत येताना रिक्षात मी लेकीवर उखडलो. “जमत न्हाय म्हणून वाटंला लावलं बाईनं! एक हाड वाजवलं न्हाय, हिला कसलं डॉक्टर म्हनायचं?” सुरेखा भांडली, रडली. महादेवी एवढंच म्हणाली, “जाऊन येऊ की सोलापूरला एकदा.” मी म्हणालो, “जाऊ, दुकानाची गर्दी कमी झाल्यावर.” गर्दी कमी होईपर्यंत पावसाळा गेला. आणि त्या सगळ्या दिवसांत मी पाय लावत राहिलो. गुण येईना म्हणून थोडा जोरानं. ती म्हणायची, “साकु.” आणि उठून चहा ठेवायची.

शेवटी सुरेखाच तिला घेऊन गेली. गाठ होती, मणक्यात उतरलेली. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही, पण दुखणं तरी हलकं ठेवता आलं असतं. त्यांच्या पहिल्या बोलण्याचा आधार घेऊन लोक माझी समजूत काढतात. मला दुसरं ऐकू येतं.

एकदा खाटंजवळ बसून तिला विचारलं, “माझ्या पायानं बरं वाटत व्हतं की न्हाय, खरं सांग.”

“तुमाला वाटत व्हतं की,” ती म्हणाली.

उभा जन्म मी पंक्चरं काढली. ट्यूब पाण्यात बुडवून, बुडबुडा डोळ्यानं बघितल्याशिवाय कधी ठिगळ लावलं नाही. हवा कुठनं जाते ते आधी बघायचं, हे रबराच्या बाबतीत मला कळत होतं. मॅडम तेच करत होत्या. मी मात्र कडकड ऐकायला कान लावून बसलो होतो... आणि घरातला ‘साकु’ कानाआड गेला.

परवा हैदराबादकडनं आलेला एक ओळखीचा ड्रायव्हर उतरला, कमरंत वाकलेला. “मामा, पाय लावा.” म्हणालो, “मी बंद केलंय, दवाखान्यात जा.” ऐकंना. कोपऱ्यातलं पोतं त्यानंच ओढलं. महादेवीनं शेवटची घातलेली घडी मोडली. पालथा पडून त्यानं डोळे मिटले. सवयीनं माझा पाय वर उचलला गेला. मग तिथंच राहिला. खाली जाईना, आणि माझ्याच तोंडातनं निघालं, “साकु.”

ड्रायव्हर कमरंवर हात ठेवून उठला. हसला. म्हणाला, “बरं वाटलं, मामा.”

पाय लागलाच नव्हता.

तो गेल्यावर पोतं घेऊन बसलो. तिच्यासारखी घडी काही जमली नाही.